आईच्या फ्रीजमधलं दही

गयेला जाऊन माणसं कारलं सोडतात. निदान आमच्याकडची तरी सोडतात. पिंडदान झालं की तिथले गुरुजी सांगतात, आता पितरांसाठी एखादी आवडती वस्तू सोडा, ती जन्मभर खायची नाही. आणि आमचे लोक, ज्यांनी उभ्या आयुष्यात कारल्याकडे वळून पाहिलेलं नसतं, ते गंभीर चेहऱ्यानं कारलं सोडतात. माझ्या एका आत्यानं पडवळ सोडलं होतं. काकांनी कारलं सोडलं आणि पुढं त्यांना मधुमेह झाला. मग कारल्याचा रस घ्या म्हणून सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडून म्हणायचे, गयेला सोडलंय हो, नाहीतर घेतला असता.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही तिघं गयेला गेलो होतो, आई, मी आणि पुण्याहून आलेला माझा भाऊ. भावानं शेपू सोडला. मी चिकू सोडला, तो मला आवडायचा, पण जीव टाकावा इतका नाही. आईनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि पाणी सोडलं. परतीच्या गाडीत आम्ही तिच्यामागं लागलो, सांग ना, काय सोडलंस. ती म्हणाली, सोडलेलं बोलून दाखवायचं नसतं. भाऊ म्हणाला, नक्कीच गवार सोडली असणार. ती हसली. त्या हसण्यावर आमची गाडी घरापर्यंत आली आणि तो विषय तिथंच संपला.

आईचं घर शहराच्या जुन्या भागात, खोकडपुऱ्यात आहे. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि दोन पायऱ्या उतरलं की लगेच शेजारच्यांचं दार. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, निवृत्त होताना त्यांनी हे घर नीट करून घेतलं होतं. शेवटची काही वर्षं त्यांच्या किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं. पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाही, दूध-दही तर नावाला. ते पथ्य आईनं असं सांभाळलं की तिथले डॉक्टर इतरांच्या बायकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, या बाईंना विचारा. आम्हाला त्याचा फार अभिमान होता. बाबा जेवल्याशिवाय ती कधी जेवली नाही. त्यांना जेवण जात नसेल तर ताट घेऊन त्यांच्यासमोर बसून राहायची आणि त्यांच्या नंतर जे गार झालेलं असेल ते खायची. आमच्या घरात हे कुणाला वेगळं वाटलं नाही, कारण आजीही तसंच करायची.

बाबांच्या मागं ती एकटी राहायला लागली. मी सिडकोत, स्कूटरवर वीस मिनिटांवर. माझी नोकरी फिरतीची आहे. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, खुलताबादच्या बाजूची डोंगरावरची गावं माझ्याकडे असतात. म्हणजे भूक हा माझ्या पगाराचा विषय आहे. मुलांची वजनं, उंच्या, दंडाला गुंडाळून कुपोषण मोजायची ती लाल, पिवळी, हिरवी पट्टी, हे सगळं माझ्या पिशवीत असतं. लोकांना वाटतं भूक म्हणजे टीव्हीवर दिसते ती, बरगड्या मोजता येणारं दूर देशातलं पोर. आमच्या भागात ती तशी क्वचित दिसते. इथं ती भरल्या घरात असते. अंगणात कांद्याचा ढीग, कोठीत बाजरी, दावणीला म्हैस आणि घरातली सून पांढरीफटक, तिच्या हातातलं लेकरू पिवळ्या पट्टीत. दूध डेअरीला जातं, उरलेलं चहाला आणि पुरुषांना. सून सगळ्यांच्या नंतर जेवते, आणि सगळ्यांच्या नंतर भाकरीबरोबरचं कोरड्यास संपलेलं असतं.

या कामाची माझी एक रीत आहे, ती मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलेली नाही. बाळंतिणीला किंवा पोटुशीला विचारलं, काय काय खातेस, की उत्तर सासू देते. "खाती की समदं. घरात काय कमी हाय व्हय?" सून खाली बघून पदराचं टोक पिळत असते. म्हणून मी आधी सासूबाईंना सांगते, मावशी, लई तहान लागली, जरा माठातलं पाणी आणता का. मावशी आत गेल्या की तेवढ्यात सुनेला विचारायचं. माझ्या हाताखालच्या सेविका मला चिडवतात, मॅडमना प्रत्येक घरी तहान लागते.

तर अशी मी, दर रविवारी आईकडे जायची. तिच्या फ्रीजमध्ये दह्याचं स्टीलचं भांडं नेहमी असायचं, वर झाकण, झाकणावर थेंब धरलेले. तिच्या हातचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं. ते विरजण आजीपासूनचं, आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं ते एकदाही मोडू दिलं नव्हतं. मी गेले की मला वाटीभर मिळायचं. तिनं घेतलं का, असं मी कधी विचारलं नसेन. फ्रीज उघडला की दही दिसायचं, माझं समाधान व्हायचं. चहा ती बिनदुधाचा घ्यायला लागली होती, पण पित्त होतं म्हणून, असं तिनं सांगितलं आणि मला ते पटलं. चेहरा उतरला होता, तर ते बाबांमुळे. साडी अंगावर मोठी व्हायला लागली होती, तर ते वयामुळे. आपल्याकडे बाई बारीक झाली की कारणं तयारच असतात.

मग तिची चप्पल हरवायला लागली. गुलमंडीवर भाजी आणायला गेली आणि एका पायात चप्पल घालून परत आली. दुसरी कुठं राहिली ते तिला कळलंच नव्हतं. घरी येऊन पाय धुवायला गेली तेव्हा दिसलं. आम्ही फोनवर खूप हसलो, तीही हसली. पुढच्या महिन्यात परत तसंच झालं. मग पायाला मुंग्या येतात म्हणाली. मग अंधारात संडासला जाताना भिंत धरून जायला लागली. गॅसवर आधण ठेवून विसरायची, भांडं करपायचं. एकदा मला फोन करून तिनं विचारलं, ह्यांची औषधं कुठं ठेवलीस ग. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं व्हायला आली होती.

भाऊ म्हणाला, हे विस्मरण आहे, वयानुसार होतं. आता तिला एकटीला ठेवायचं नाही. दिवाळीनंतर मी तिला पुण्याला घेऊन येतो आणि घर भाड्यानं देऊ. तो वाईट बोलत नव्हता, पुण्याला तिची खोलीही रंगवून घेतली होती त्यानं. पण आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मला इथून हलवू नका ग. मी शहाण्यासारखी राहीन." जन्मभर शहाण्यासारखी राहिलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. मी भावाला म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू, मग तू म्हणशील ते. तो म्हणाला, बाबांच्या श्राद्धाला येईन तेव्हा बघू. ती धड चालत असेल, स्वतःचं करून खात असेल तर राहू दे.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटून उभं केलं, ती लगेच तोल जाऊन माझ्या अंगावर आली. पायाच्या अंगठ्याला टोचलेलं तिला कळत नव्हतं. मग ते म्हणाले, जीभ दाखवा. जीभ लालबुंद होती आणि तुळतुळीत, लहान मुलाच्या घसरगुंडीसारखी. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. रक्त कमी होतं आणि बी-बारा इतकं कमी की ते म्हणाले, मशीनला मोजायला त्रास झाला असेल. शाकाहारी माणसाला ते दूधदह्यातूनच मिळतं, ते गेलं की नसा सुकायला लागतात, पाय जातात, डोकं जातं. वेळेत सापडलं तर परत येतं. फार उशीर झाला असेल तर सगळं येत नाही.

मग त्यांनी आईकडे बघून विचारलं, "आजी, दूध, दही, ताक घेता ना?"

आणि मी म्हटलं, "रोज घेते. आमच्याकडे ताकाशिवाय जेवण होत नाही."

आई टेबलावरच्या मेंदूच्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, मग कोड्यात टाकणारं आहे, रोज खाऊन इतकं कमी म्हणजे पोटात शोषलंच जात नसणार. जठर आतून बघायला हवं, दुर्बीण घालावी लागेल, मी एका सहकाऱ्याकडे चिठ्ठी देतो. इंजेक्शनं त्याच्यानंतर सुरू करू. आईनं मान हलवली. नळी घशातून पोटात घालतात हे तिला माहीत होतं, बाबांची एकदा झाली होती आणि तेव्हा ती बाहेर बाकावर बसून रडली होती. तरी तिनं मान हलवली.

त्या आठवड्यात तिला माझ्याकडे सिडकोत आणायचं ठरलं. तिचे कपडे भरायला मी खोकडपुऱ्यात गेले, ती पुढच्या खोलीत पोथी वाचत होती. फ्रीज बंद करायचा म्हणून मी मागं रिकामा करत होते तेव्हा शेजारच्या मावशी आल्या. या मावशी मूळच्या वैजापूरकडच्या. शेती गावाकडे दीर बघतो, मुलगा इथं वाळूजला कंपनीत आहे म्हणून हे कुटुंब शहरात राहतं. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, आता आमच्याकडं येणारं दही बंद झालं म्हणायचं. मला वाटलं, कधीमधी देत असेल.

"कधीमधी कशाला? रोज की ताई," मावशी म्हणाल्या. "सुनंच्या बाळंतपणापासनं रोज. समदंच्या समदं भांडं. मी म्हणलं, काकू, तुमाला ठिवा की थोडं. तर म्हणत्यात, माझं झालं."

मावशी गेल्यावर मी ते भांडं हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. माझा स्वभाव तापट आहे, आणि ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. मी तशीच भांड्यासकट पुढच्या खोलीत गेले आणि विचारलं, आई, तू गयेला काय सोडलंस?

तिनं पोथी मिटली. चष्मा काढून त्याच्या काड्या मिटल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दूध. आणि दुधाचं सगळं."

मी विचारलं, वेड लागलं होतं का तुला? कारलं सोडायचं, पडवळ सोडायचं. जगात एवढ्या भाज्या आहेत.

"ह्यांनी शेवटी दही मागितलं होतं," ती म्हणाली. "रोज मागायचे. वाटीभर दे ग, म्हणायचे, नुसतं बोट लावून दे. मी दिलं नाही. पथ्य म्हणून दिलं नाही. आणि पथ्य पाळून काय झालं, गेलेच ना. तो माणूस दह्यासाठी हात पुढं करून गेला, आणि मी ताकात भाकरी कुस्करून खाऊ?"

मला आधी राग आला, फार राग आला. डॉक्टरवर, गयेवर, तिच्यावर. मग रडू आलं. भांडं माझ्या हातात होतं त्यामुळं डोळेही पुसता येईनात. ती उठून आली, माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला म्हणाली, सांडशील.

मग हळूहळू सगळं कळलं. ती रोज रात्री दही लावायची. सकाळी वाटीत काढून बाबांच्या फोटोपुढं ठेवायची, भोवती पाणी फिरवायची, थोडा वेळ थांबायची आणि मग झाकून शेजारी नेऊन द्यायची. नैवेद्य वाया जाऊ द्यायचा नाही, आणि स्वतः तर खायचं नाही. पण तिचं जेवण दुधापाशी थांबलं नव्हतं. ताकाशिवाय तिला भाकरी उतरायची नाही, म्हणून भाकरी गेली. तुपाशिवाय वरणभात कोरडा लागायचा, तो चार घासांवर आला. पोळी चावताना जीभ झोंबायची, म्हणून भाजी तिखट नको, मग भाजीच नको. शेवटी बिनदुधाच्या चहात बुडवून दोन टोस्ट, हे तिचं रात्रीचं जेवण झालं होतं. एक वस्तू सोडली आणि तिच्या मागं सगळं ताट निघून गेलं. मी तिला म्हटलं, नळी घालून घ्यायला तयार झालीस, पण डॉक्टरांना सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तू सांगितलंस ना त्यांना, तुला खोटं कसं पाडू. घरोघरी सासवांना पाणी आणायला पाठवणारी मी, त्या दिवशी मला पाणी आणायला पाठवणारं तिथं कुणी नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. दुर्बीण रद्द झाली आणि इंजेक्शनं लगेच सुरू झाली. ते म्हणाले, आता सुईनं भरून काढू, पण घागर भरली तरी तळाशी भोक ठेवून चालणार नाही, त्यांना खाल्लं पाहिजे. वजन वाढलं पाहिजे, नाहीतर एकट्या राहण्याचं विसरा.

सिडकोत ती माझ्याकडे राहिली. डोकं आधी परत आलं. एक दिवस तिनं मला भाजीवाल्याशी झालेल्या हिशोबात चूक दाखवली आणि मला इतका आनंद झाला की मी भाजीवाल्याला वर पैसे देऊन आले. जिभेचा तुळतुळीतपणा जाऊन ती पुन्हा खरखरीत झाली. पायांत जरा जाणीव यायला लागली, चप्पल पायात राहायला लागली. पण खाण्याच्या नावानं शंख. मी शेंगदाण्याचं कूट घालून सगळं केलं, मटकीला मोड आणून उसळ केली, तिळाची चटणी केली. ती नम्रपणे थोडं थोडं घ्यायची, पाहुण्यासारखी. माझ्या घरी मी नवऱ्याला, मुलांना आधी वाढते, ती म्हणायची, तुमचं होऊ दे. आमचं झालं की म्हणायची, आता भूकच मेली.

एकदा चिडून मी कामाची पट्टी काढली आणि तिच्या दंडाला गुंडाळली. तिनं निमूटपणे हात पुढं केला. कातडी सैल, आत हाड लागत होतं. तिनं चष्मा लावून पट्टी पाहिली आणि म्हणाली, बघ, हिरव्यात आहे की ग मी. मी म्हटलं, आई, ही पाच वर्षांच्या आतल्या मुलांची पट्टी आहे. ती म्हणाली, मग मोठ्यांची आण. मोठ्यांची माझ्या पिशवीत नव्हती. म्हाताऱ्या बायकांचा दंड मोजायला आमच्याकडे काही देत नाहीत. आम्ही दोघी हसायला लागलो, पण मला ते हसणं नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

संध्याकाळी ती बातम्या बघायची. कुठल्या तरी लढाईत सापडलेल्या देशातली मुलं रिकामी पातेली घेऊन रांगेत उभी असायची, पातेली पुढं, हात पुढं. आई हातातलं काम थांबवून बघायची. एकदा ती म्हणाली, "भांडी आहेत, हात आहेत, वाढायला कुणी नाही." मी म्हटलं, आणि तुझं काय? तुला वाढायला मी उभी आहे. ती म्हणाली, माझं उलट झालंय. वाढणारी राहिली, खाणारा गेला.

मग मी तिच्याच वाटेनं जाऊन पाहिलं. म्हटलं, बाबांना आता कसलं पथ्य? किडन्या इथंच राहिल्या. तू इतके दिवस रोज त्यांना दही दाखवलंस, ते पोटभर खात असतील. ती म्हणाली, खातात की नाही, मला काय माहीत. आमच्या गुरुजींनाही मी फोन केला. ते भले गृहस्थ, म्हणाले, प्रकृतीसाठी सोडलेलं परत धरता येतं, शास्त्रात सोय आहे. मी आईला फोन दिला. तिनं ऐकून घेतलं, त्यांना नमस्कार सांगितला आणि मला म्हणाली, गुरुजींना कुठं दही मागितलं होतं ह्यांनी.

एवढ्यात श्राद्ध जवळ आलं. श्राद्ध आईच्याच घरी करायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी तिला खोकडपुऱ्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी भाऊ येणार होता आणि निकाल लावणार होता. आईनं घर झाडायला घेतलं, एका हातानं भिंत धरून. मी कुलूप, दिवे, गॅस बघत होते. फ्रीज सुरू करताना ती माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि रिकाम्या कप्प्यांकडे बघून म्हणाली, विरजण मोडलं ग. आजीपासूनचं होतं. ते मीच त्या दिवशी आवराआवरीत ओतून टाकलं होतं.

भात आणि साधं वरण मी लावलं होतं, दुपारचं. तेवढ्यात शेजारच्या मावशी ताटलीनं झाकलेलं भांडं घेऊन आल्या. आईच्या हातात देत म्हणाल्या, "काकू, तुमच्याच विरजणाचं हाय. तुमी गेल्यापासनं रोज लावते. म्हणलं, मोडू कसं द्यावं." आईनं ताटली उचलून पाहिलं. दही छान लागलं होतं. तिनं मावशींच्या हातावर हात ठेवला. मावशींच्या घरात नातू रडत होता, त्या लगेच गेल्या.

आईनं सवयीप्रमाणं वाटी घेतली, दही काढलं, बाबांच्या फोटोपुढं ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. थोडा वेळ थांबली. मग वाटी उचलली, भांड्यात परत ओतली, ताटली झाकली आणि पायऱ्यांकडे निघाली.

उंबऱ्यापाशी ती थांबली.

आमच्या घरचा एक नियम आहे, तो तिचाच. शेजारचं भांडं रिकामं पाठवायचं नाही, आणि त्यांचंच त्यांना भरून पाठवायचं नाही. आलेलं परत करणं म्हणजे त्यांचा अपमान. लहानपणी एकदा मी शेजारून आलेल्या चकल्या तशाच परत देऊन आले होते, तेव्हा तिनं मला दुसऱ्या दिवशी माफी मागायला पाठवलं होतं. आता ती त्या भांड्यासकट दारात उभी होती. शेजारी देता येत नाही. नैवेद्य आहे, टाकता येत नाही. ती वळली आणि माझ्यापुढं भांडं धरलं, म्हणाली, तू घे.

मी म्हटलं, माझा घसा धरलाय. तो मुळीच धरलेला नव्हता. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पुढची दहा वाक्यं तयार होती, प्रसादाला नाही म्हणू नये, तू सोडलंस ते दूध, हा तर प्रसाद. पण डॉक्टरांच्या खोलीत मी तिच्या वतीनं एकदा बोलून बसले होते. मी कुकरचं झाकण काढलं आणि भात मोकळा करत राहिले.

ती आज त्याच घरात राहते. उजवा पाय जरा ओढून टाकते, तेवढा काही परत आला नाही. भाऊ श्राद्धाला आला, तिला पायऱ्या उतरताना पाहून गेला, आणि पुण्यातली रंगवलेली खोली आता त्याच्या मुलीची आहे. दूध तिनं अजून धरलेलं नाही, चहा बिनदुधाचाच. फक्त रोज फोटोपुढची एक वाटी. शेजारी आता भांड्यातलं उरलेलं जातं.

पण त्या दुपारी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. माझी पाठ तिच्याकडे होती. ती येऊन जेवायच्या जागी बसल्याचं मला आवाजावरून कळलं, भांडं फरशीवर टेकल्याचं कळलं. बराच वेळ ती फोटोकडे बघत असावी.

मग तिनं विचारलं, "ह्यांचं जेवण झालं असेल ना ग?"

मी म्हटलं, "झालं."

"मग वाढ मला," आई म्हणाली.